मुक्या जिवांची दया आणि नगराचें कर्तव्य

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या जळगांव जामोदसारख्या तालुक्याच्या गांवीं मोकाट कुत्र्यांविषयीं दोन पक्ष आढळतात. एक पक्ष सकाळीं उरलेली भाकर दाराबाहेर टाकून पुण्य जोडतो. दुसरा पक्ष ती भाकर खावयास आलेल्या कुत्र्यावर धोंडा भिरकावतो. मौज ही कीं, पुष्कळदां हे दोन्ही पक्ष एकाच घरांत, किंबहुना एकाच मनुष्याच्या ठिकाणीं नांदत असतात. सकाळचा दाता सायंकाळीं लेंकराच्या पोटरीला दांत लागतांच 'सगळीं मारून टाका' म्हणत नगर परिषदेच्या दारीं जातो. आमच्या मतें यांतील दया अपुरी आहे आणि क्रोध निरुपयोगी आहे. कां, तें आम्ही आज वाचकांपुढें मांडतों.

मारण्याचा उपाय नवा नाहीं. तो आपल्या देशांत पुरता कसोटीस लागलेला आहे. १८३२ सालच्या जून महिन्यांत मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं रस्त्यांतील कुत्रीं मारण्याची मोहीम चालविली, तेव्हां पारशी मंडळींनीं दुकानें बंद ठेवून मोठा दंगा केला. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व इतर व्यापारी यांच्या पुढाकारानें तेथें पांजरापोळ निघाली. म्हणजे मुक्या जिवांसाठीं संस्था काढण्याचा मान त्या शहरांत सरकारनें नव्हे, तर पेढीवर बसणाऱ्या लोकांनीं मिळविला, ही गोष्ट आमच्या बाजारपेठेंतील वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. परंतु पांजरापोळींत जागा किती जिवांस पुरणार? रस्त्यांतील कुत्रीं मारण्याचें काम मुंबईच्या नगरपालिकेनें पुढेंहि दीर्घकाळ चालविलें, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तें थांबविलें. इतक्या वर्षांच्या हत्येनंतर मुंबईंतील कुत्रीं संपलीं असतीं, तर आम्हांस आज हा लेख लिहावाच लागला नसता.

तीं संपलीं नाहींत याचें कारण उघड आहे. कुत्रें कोठें राहतें? जेथें खावयास मिळतें तेथें. मांसविक्रीच्या दुकानांमागील कचरा, खाणावळींचें उष्टें, बाजार उठल्यावर पडलेली घाण हीं जोंपर्यंत जागच्या जागीं आहेत, तोंपर्यंत दहा कुत्रीं मारलीं तर शेजारच्या वस्तींतून दुसरीं दहा येणार. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें दोन महिन्यांचा; बहुधा वर्षांतून दोनदां ती विते, आणि एका वेळीं चार-सहा पिलें होतात. मेलेल्यांची जागा भरून निघण्यास यापेक्षां अधिक काय पाहिजे? शिवाय ज्या कुत्र्यांस लस टोचलेली होती तींहि या मोहिमेंत मरतात, आणि त्यांच्या जागीं लस न टोचलेलीं येतात. म्हणजे नगराचा पैसा खर्चून आपण धोका विकत घेतों.

हा धोका लहान नाहीं. पिसाळ रोगाचीं, म्हणजे रेबीजचीं, लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं मनुष्य वांचत नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें मनुष्यांस हा रोग शंभरांत नव्व्याण्णव वेळां कुत्र्यांपासून होतो, आणि संशयित जनावर चावलेल्या लोकांत शंभरांपैकीं सुमारें चाळीस पंधरा वर्षांखालील मुलें असतात. पाश्चर यानें १८८५ सालीं पॅरिस येथें नऊ वर्षांच्या मुलास लस टोचून वांचविलें. आपल्या देशांत कसौली येथें १९०० सालीं आणि कुन्नूर येथें १९०७ सालीं पाश्चर संस्था निघाल्या. इतकें असूनहि चाव्यावर मिरची किंवा चुना भरणें, मांत्रिकाकडून दोरा बांधून घेणें हे प्रकार अद्याप चालतात, ही आमच्या शिक्षणाची मोठी नामुष्की होय. खरा उपाय सरळ आहे. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें, आणि सांगितलेल्या तारखांस सर्व सुया पुऱ्या कराव्या. जखमेंतून रक्त आलें असेल तर लशीच्या जोडीला जखमेंत टोचावयाचें वेगळें औषध लागतें; त्याचीहि विचारणा करावी. मांजराच्या चाव्यासहि हाच नियम लागू आहे.

पण दवाखाना हा शेवटचा बांध झाला. पूर अडवावयाचा तो वर. कुत्र्यांच्या एकंदर संख्येपैकीं शंभरांत सत्तरांस लस टोचली म्हणजे रोगाची सांखळी तुटते, असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे; आणि ही पुस्तकांतील गोष्ट नव्हे, आमच्या शेजारच्या गोव्यांत ती घडली आहे. तेथें २०१३ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेनें सरकारच्या साह्यानें काम मांडलें. घरोघर व गल्लोगल्लीं फिरून पुढें वर्षाकांठीं लाखाच्या घरांत कुत्र्यांस लस टोचण्यांत आली. कुत्र्यांतील रेबीज शंभरांत ब्याण्णवांनीं उतरला, २०१८ व २०१९ या सालीं या रोगानें तेथें एकहि मनुष्य दगावला नाहीं, आणि २०२१ सालीं गोवा हें रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालें. जेथें कुत्रें सुरक्षित, तेथेंच मूल सुरक्षित, हा त्यांतील धडा आहे. भूतदया आणि लोकरक्षण यांची कुस्ती लावणारांनीं तो नीट वाचावा.

कायदाहि याच मार्गानें आला आहे. १९६० सालीं प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा झाला, २००१ सालीं कुत्र्यांच्या जननियंत्रणाचे नियम निघाले, आणि २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम आले. मोकाट कुत्रें धरावें, निर्बीजीकरण करून लस टोचावी, कानास खूण करावी आणि जेथून आणलें तेथेंच सोडावें, हें काम त्यांनीं स्थानिक संस्थांवर सोंपविलें. २०२५ सालच्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रथम दिल्ली व आसपासचीं सारीं मोकाट कुत्रीं निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम केला. परंतु त्याच महिन्याच्या २२ तारखेस तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो बदलून, पिसाळलेलीं व हिंस्र वगळतां बाकीचीं उपचारानंतर आपल्या जागीं सोडावीं असें ठरविलें. पुढें ७ नोव्हेंबर रोजीं शाळा, इस्पितळें, क्रीडासंकुलें, बस व रेल्वे स्थानकें यांच्या आवारांतील कुत्रीं मात्र निवाऱ्यांत न्यावीं, तेथें परत सोडूं नयेत, असा आदेश निघाला. निवारा म्हटला कीं तेथें पाणी, अन्न, सांवली आणि पशुवैद्य हीं आलींच. तीं नसतील तर तो निवारा नव्हे, कोंडवाडा होय.

कोणी म्हणेल, 'माणसांच्या नळाला पाणी नाहीं, तेथें कुत्र्यांसाठीं पैसा कोठून आणावा?' प्रश्न रास्त आहे. पण हा पैसा कुत्र्यांसाठीं नाहीं, माणसांसाठींच आहे. चावलेल्या मनुष्याच्या पांच फेऱ्या, बुडालेली मजुरी, घरच्यांची झोप उडविणारी भीति यांची किंमत मांडावी, आणि एका कुत्र्यास टोचावयाच्या लशीची किंमत शेजारीं मांडावी. जमाखर्च जाणणाऱ्यास अधिक सांगणें नको. दुसरा कोणी म्हणेल, 'निर्बीजीकरण हें निसर्गाविरुद्ध पाप आहे.' पावसाळ्यांत गटाराच्या कांठीं भिजून मरणारीं, रस्त्यावर मोटारीखालीं चिरडलीं जाणारीं पिलें ज्यास पाप वाटत नाहींत, त्यानें शस्त्रक्रियेचें पाप मोजूं नये.

आतां आपल्या घरांतहि डोकावूं. उंदरांच्या भीतीनें धान्याच्या गोदामांत मांजर हवें असतें. पण त्या मांजरीस पिलें झालीं कीं पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडण्यांत येतात. हौसेनें आणलेलें कुत्रें म्हातारें वा खरुजलेलें झालें कीं दुसऱ्या गांवच्या शिवेवर उतरवून देण्यांत येतें. ज्या जिवानें आपली राखण केली त्यास असें टाकणें हा विश्वासघात आहे, आणि मोकाट जनावरांची भर पडते ती बरीचशी याच दारानें. पाळीव जनावराची लस व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. ती नगर परिषदेवर ढकलतां येणार नाहीं.

तेव्हां करावयाचें काय? प्रथम गांवांतील कुत्र्यांची मोजदाद व्हावी. संख्या ठाऊक नसतां सत्तर टक्के कशाचे काढणार? दुसरें, एकट्या लहान नगर परिषदेस शस्त्रक्रियेचें केंद्र झेपत नसेल, तर संग्रामपूर, नांदुरा यांसारख्या शेजारच्या गांवांशीं मिळून एक केंद्र मागावें. तिसरें, २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन दरवर्षीं लस टोचण्याचा दिवस ठरवावा, व त्या आठवड्यांत शाळाशाळांतून चाव्यावरील उपाय शिकवावा. चौथें, खावयास घालणारांनीं शाळेच्या दारापासून व रहदारीपासून दूर, ठरल्या जागीं व ठरल्या वेळीं घालावें. पांचवें, व्यापारी मंडळींनीं या कामासाठीं निधि काढावा, आणि त्याचा हिशेब दर सहा महिन्यांनीं बाजारांत लावावा.

आमच्या वऱ्हाडांत गाडगे महाराज होऊन गेले. मुक्या प्राण्यांस अभय द्या, असें ते सांगत. परंतु कीर्तनास उभे राहण्यापूर्वीं हातांत खराटा घेऊन गांव झाडीत. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. कचऱ्याचे ढीग उचलले, लस टोचली, जनन आवरलें, म्हणजे दाराशीं टाकलेल्या भाकरीस अर्थ येईल. नगर परिषदेच्या सभासदांनीं येत्या अंदाजपत्रकांत या कामाची स्वतंत्र रक्कम दाखवावी, आणि मतदारांनीं ती आहे कीं नाहीं हें स्वतः जाऊन पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.