नंदीची वेसण ओवलेली हवी

पिठोरी अमावास्येला आपला श्रावण संपतो. छत्तीसगढी शेजाऱ्यांकडे तोच दिवस भादोतला पोरा. त्या आठवड्यात दुर्ग-भिलाईच्या बाजारात मातीचे नांदिया बइला आणि मुलींसाठी जाता-पोरा मांडलेले असतात. दुसऱ्या दिवशी पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या आपल्या घरांतला तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये तो मुलांसाठी सुरू केला, असे सांगतात.

त्या दिवशी मुले मिरवतात ते लाकडी नंदी सजवणाऱ्या सर्वांना या अंकात एकच विनंती आहे: साज चिकटवू नका.

मागल्या पोळ्याला एका लहानग्याने कासरा ओढला आणि म्होरकीसकट सगळे त्याच्या हातात आले. नाकावर गरम गोंदाने बसवलेली वेसण रंगाचा पापुद्रा घेऊन निघाली. पोरगा खाऊ-पैशांचा बोजारा मागायला पुढच्या घरी गेलाच नाही. तो साज मी केलेला होता.

वेसण ओवायची तर भोक रंगाच्या आधी पाडावे लागते. दोन मिलिमीटरचे गिरमिट, दोन्ही नाकपुड्यांतून थोडे थोडे. एकाच बाजूने रेटले की मुस्कट चिरते. साडेचार फुटांच्या बैलाचा एक फुटाचा नंदी केला, की प्रत्येक माप साडेचाराने भागायचे. अठरा मिलिमीटरचा कासरा चारचा होतो. घुंगरेही त्याच हिशेबाने. बाजारातले मोठे घुंगरू गळ्यात घंटेसारखे लोंबते.

खरी अडचण झुलीची. कापडाचा आकार कमी होतो, ताठपणा होत नाही. नवी सॅटिन फूटभर नंदीवर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे घ्या, अस्तर टाळा, काठाच्या दुमडीत बारीक मणी ओवा. त्या वजनाने झूल वशिंडावरून उतरून पोटाला लागते. ती तशी पडली की नंदी श्वास घेतोय असे वाटते; या कामातला मला सर्वांत प्रिय क्षण तोच.

घोड्यांच्या प्रतिकृतींसाठी खोगीर-लगाम करणारे एकास नऊ या प्रमाणात हेच करतात. पंचवीस मिलिमीटरचा पट्टा तिथे तीनहूनही कमी भरतो, म्हणून कातडे मागून तासून कागदासारखे करतात. अमेरिकेतल्या स्पर्धांत सवारीच्या गटात साज घोड्याला नीट बसतो का, त्या सवारीला शोभतो का, हे परीक्षक बारकाईने पाहतात. आपल्याकडे बक्षीस बहुधा नंदीच्या उंचीला किंवा मुलाच्या पोशाखाला जाते. भिलाईतल्या मंडळांनी यंदा काही गुण साजाच्या बांधणीला ठेवावेत. परीक्षकांनी कासरा हळूच ओढून पाहावा, झूल उचलून पाहावी.

मधल्या पानावर फूटभर नंदीच्या म्होरकीचा नमुना पूर्ण मापात दिला आहे. आधी कागद कापून बसवून पाहा. शिंगांच्या बुडाशी जागा कमी पडली तर तिथले माप आम्हाला कळवा.