चालत नाही म्हणून टाकावे काय?

देवस्थानांच्या कपाटांतून गेल्या तीस वर्षांत साठलेले चित्रमुद्रण ही आता आपल्या समाजाची मोठी ठेव झाली आहे. पालखीचा उत्सव, जत्रेच्या रात्रीचा दशावतारी काला, एखाद्या दिवंगत कीर्तनकाराचे आख्यान, मांडावर बायकांनी म्हटलेले धालो, हे सारे कोणी व्हीसीडीवर तर कोणी कॅमेऱ्याच्या लहान कॅसेटींवरून संगणकात उतरवून ठेवले आहे. आज त्यांतील एखादी फाइल उघडावयास जावे आणि पडद्यावर काळोख दिसावा, की आमचे कार्यकर्ते दोनच निर्णय देतात. एक, फाइल बिघडली, टाकून द्या. दुसरा, दुकानात नेऊन मोबाइलवर चालेल अशी करून आणा व जुनी पुसून टाका. हे दोन्ही निर्णय आम्हांस घातक वाटतात, आणि तसे स्पष्ट सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मोडीतील कागद आपणांस वाचता आला नाही, म्हणून तो कोरा ठरत नाही; उणीव वाचणाराकडे असते. फाइलीचेही तसेच आहे. लोक तिच्या नावापुढील तीन अक्षरे पाहून निवाडा करतात. पण आडनावावरून का कोठे माणसाची परीक्षा होते? मायक्रोसॉफ्टने 1992 साली काढलेला एव्हीआय हा प्रकार म्हणजे नुसता पेटारा आहे. त्यात सिनेपॅक, इंडिओ, डिव्हएक्स अशा निरनिराळ्या पद्धतींनी आवळलेले चित्र असू शकते. व्हीसीडीवरील 'डॅट' फाइल अनोळखी दिसते. पण तिच्या आत 1993 सालच्या व्हीसीडी-नियमांप्रमाणे साधे एमपीईजी-1 चित्रच असते. काही जुन्या कॅमेऱ्यांच्या 'मॉड' फाइलींत एमपीईजी-2 असते. तेव्हा जे सॉफ्टवेअर आडनावावर न थांबता पेटारा उघडून आतील जिन्नस ओळखते, आणि काय सापडले हे विचारल्यास सांगते, तेच आपल्या कामाचे.

ह्यावर कित्येकांचे म्हणणे असे की, मोठ्या कंपनीचे घ्यावे म्हणजे टिकते. इतिहास तर ह्याच्या उलट साक्ष देतो. अ‍ॅपलने विंडोजवरील क्विकटाइमला आधार देणे 2016 मध्ये थांबविले. फ्लॅश प्लेअरचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. कंपनीचा नफा सरला, की तिची विद्याही तिच्याबरोबर कुलपात जाते. उलटपक्षी पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये आरंभिलेल्या उपक्रमातून निघालेले व्हीएलसी 2001 साली खुल्या परवान्याखाली आले, आणि 2000 साली सुरू झालेला एफएफएमपेग हा ग्रंथालयवजा संच आज असंख्य सॉफ्टवेअरांच्या पोटात काम करीत आहे. 1997 साली निघालेल्या रिअलव्हिडिओच्या फाइलीसुद्धा तो वाचतो. ह्यांची मूळ आज्ञावली सर्वांस खुली आहे. एक कर्ता थकला तरी दुसरा ती पुढे नेऊ शकतो. परंपरा टिकते ती अशाच रीतीने, हे मंदिराशी नाते असलेल्या वाचकांस आम्ही वेगळे सांगावयास नको.

"फुकटचे ते संशयास्पद" हा आक्षेपही ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. मात्र तो चुकीच्या जागी रोखला आहे. 2005-06 च्या सुमारास झ्लॉब नावाचा उपद्रव पसरला, तो चित्र पाहण्यासाठी लागणारे कोडेक असल्याची बतावणी करूनच. धोका सॉफ्टवेअर खुले असण्यात नसून, कोठूनही काहीही उतरवून घेण्याच्या सवयीत आहे. जे घ्यावयाचे ते त्याच्या कर्त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. "हे पाहण्यासाठी आणखी अमुक उतरवा" असे म्हणणाऱ्या अनोळखी पानाकडे पाठ फिरवावी.

आता दुकानातील रूपांतराविषयी. लहान कॅसेटीवरील डीव्ही चित्र तासाला सुमारे 13 गीगाबाइट जागा घेते. ते काहीशे मेगाबाइटांत दाबून आणले, की जे गळाले ते कधीही परत येत नाही. शिवाय ह्या जुन्या चित्रणात सेकंदाला 50 अर्धचित्रे असतात. रूपांतरात पुष्कळदा त्यांतील निम्मी टाकली जातात आणि फुगडीची गिरकी अडखळू लागते. तीच मूळ फाइल ही अर्धचित्रे नीट जुळवून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरवर लावली, तर गिरकी पूर्वीसारखीच सलग दिसते. मोबाइलसाठी प्रत अवश्य करावी. पण प्रत म्हणजे प्रसाद, मूर्ती नव्हे. प्रसाद वाटून झाला म्हणून कोणी मूर्ती विसर्जित करीत नाही.

खुल्या सॉफ्टवेअरपुढे सर्वच हात जोडतात असेही नाही. पाळतीच्या कॅमेऱ्यांचे कित्येक संच आपल्या खास स्वरूपात मुद्रण ठेवतात, आणि ते अन्यत्र उघडेलच असा भरवसा नसतो. अशा वेळी मुद्रण बाहेर काढतानाच शक्य तर सर्वमान्य स्वरूपात मागावे, नाही तर त्या संचाचे स्वतःचे सॉफ्टवेअरही फाइलीशेजारीच जपून ठेवावे. तसेच ओरखडे पडलेल्या तबकडीला कोणतेही सॉफ्टवेअर संजीवनी देत नाही. तिच्यावरील फाइली जशाच्या तशा दोन ठिकाणी उतरवून घेणे हे आजचेच काम आहे.

म्हणून आमची देवस्थान समित्यांस व महाजनांस मागणी आहे की, पुढील सभेत एक साधा ठराव व्हावा: दोन खुली सॉफ्टवेअरे लावून पाहिल्यावाचून कोणतीही फाइल बिघडलेली ठरवू नये, सुरुवात, मध्य व शेवट येथे चित्र आणि आवाज जुळतात की नाही हे तपासावे, आणि मूळ फाइल कोणाच्याही सांगण्यावरून पुसू नये. ह्यास खर्च जवळजवळ नाही. लागते ती थोडी सवड आणि आपल्या पूर्वसूरींच्या आवाजाविषयी थोडी आस्था. तीही आपल्याजवळ नसेल, तर उत्सव मुद्रित करण्याचा खटाटोप तरी कशासाठी?