‘आम्हाला काय कळतंय’ म्हणणं आता बास करा



मे निम्मा सरला. नांगरट झालीय, ढेकळं तापतायत, पेरणीला अजून वेळ हाय. म्हणून आज पिकावर नाही, पीक घेणाऱ्यावर लिहितो. कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी पण हे पान वाचतात, त्यांनी पण वाचावं.

आपल्यात एक वाक्य लै खपतं. बँकेत, कृषी सेवा केंद्रात, तहसीलला, मेळाव्यात, कुठं बी जा, आपण खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणतो, ‘साहेब, आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय, तुम्हीच बघा.’ काहीजण हे नम्रतेनं म्हणतात, काहीजण काम लवकर व्हावं म्हणून. पण तीस वर्षं तेच तोंडानं म्हणत राहिलं की ते आत मुरतं. मग पुढचा माणूस आपल्याला तसंच धरतो आणि आपण पण धरतो. घरात पोरगं ऐकत असतं, त्याला तर आपण वर आणखी सांगतो, ‘अभ्यास कर, नाहीतर ढोरामागं जावं लागंल.’ म्हणजे आपलं काम ही त्याला शिक्षा म्हणून दाखवायची, आणि तोच पोरगा पुढं शेतात रमत नाही म्हणून तक्रार पण आपणच करायची.

आत्मविश्वासाची भाषणं मोबाईलवर पैशाला पासरी झालीत. उठा, जागे व्हा, तुम्ही वाघ आहात. ऐकताना बरं वाटतं, पण दुकानात उधारीची वही उघडली की वाघाची शेळी होते. माझं मत असं हाय की आपल्यासारख्याला धीर येतो तो आकड्यानं. स्वतःच्या रानाचा, स्वतः मोजलेला आकडा खिशात असला की आवाज आपोआप सरळ निघतो.

खताचंच घ्या. सोयाबीनला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 30 किलो पालाश. एकराला आणलं तर 12, 24 आणि 12. डीएपीच्या 50 किलोच्या बॅगेवर 18:46 लिहिलेलं असतं, म्हणजे एका बॅगेत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. म्यूरेट ऑफ पोटॅश 60 टक्क्यांचं, त्याचं 20 किलो घेतलं की 12 किलो पालाश झालं. बस्स, एका एकराचा हिशेब जवळजवळ बसला, थोडं गंधक तेवढं बघायचं. हे गणित सातवीच्या पोराला येतं. पण ते आपण घरून करून जात नाही, म्हणून दुकानदार डीएपीसोबत दोन बाटल्या आणि एक पुडी हातात ठेवतो आणि आपण गपगुमान आणतो. मागच्या हंगामात मला एका ठिकाणी असंच सांगितलं, ‘हे टॉनिक घेतलं तरच खत मिळंल.’ मी एवढंच विचारलं की यात काय हाय, एकराला किती आणि कशासाठी, आणि हे पक्क्या बिलावर लिहून देता का? भांडण नाही, आवाज चढवला नाही. बाटली परत कपाटात गेली. दरवेळी असं होईलच असं नाही, टंचाईत माणूस अडतोच. पण विचारणारा आणि न विचारणारा यात फरक पडतो, हे मी बघितलंय.

पक्कं बिल मागायला पण लोक लाजतात. ‘ओळखीचा हाय, कसं मागू?’ अरे, त्या बिलावर लॉट नंबर असतो. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढं बिल, पिशवी, टॅग आणि थोडं शिल्लक बियाणं हेच दाखवावं लागतं. ओळख तिथं दाखवता येत नाही.

आता शिक्षणाचं. मी दहावी पास. सुरुवातीला मेळाव्यात हात वर करायला मला पण अवघड वाटायचं, इंग्रजी शब्द आला की मान खाली. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचं बघा. शाळा तिसरीपर्यंत, रान जेमतेम दीड एकर. 1983 च्या सुमारास त्यांना धानात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. दुसरा असता तर कापणीत त्याच पेंढीत बांधून मोकळा झाला असता. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्ष निवड केली, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला, त्या काळच्या घड्याळाचं नाव घेऊन. आज तो किती ताटांत हाय ते सांगायला नको. 2018 साली ते गेले, आणि आयुष्यात पैशाचं सुख त्यांना मिळालं नाही, हे पण खरं हाय, ते झाकून त्यांचं नुसतं कौतुक करण्यात अर्थ नाही. मला त्यांच्यातली एकच गोष्ट घ्यायची हाय. आपल्या डोळ्यांना जे दिसलं त्याला त्यांनी किंमत दिली. कुणी साहेब येऊन ‘बरोबर हाय’ म्हणेपर्यंत थांबले नाहीत.

याची दुसरी बाजू पण हाय. काहीजण आत्मविश्वास म्हणून कुणाचंच ऐकत नाहीत. फवारणीच्या डब्यावर लाल त्रिकोण असला तरी ‘मी वीस वर्षं मारतोय’ म्हणून तोंडाला फडकं बांधत नाहीत. हा धीर नाही, हा हट्ट झाला. ज्याला स्वतःवर भरवसा असतो तो ‘हे मला माहीत नाही, मराठीत नीट सांगा’ असं चारचौघांत म्हणू शकतो. आणि साहेब लोकांनो, असं कुणी म्हणालं तर हसू नका. एकदा हसलात तर तो माणूस पुढची दहा वर्षं विचारत नाही.

घरातल्या बायांचं तर वेगळंच. बियाणं निवडायचं, वाळवायचं, डागी दाणा काढायचा, हे सगळं आमच्या मालकीणच करतात. पण पाहुणा आला आणि विचारलं तर पदर सावरून म्हणतात, ‘ह्यांनाच माहीत.’ मी आता तिथंच म्हणतो, बियाण्याचं त्यांना विचारा. पहिल्यांदा त्या आत निघून गेल्या. आता बाहेर येऊन बोलतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली होती, कारण लिहायला हात जड होतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस झाला तेव्हा नुसतं पीक नाही, माती वाहून गेली. त्यानंतर कितीतरी माणसं चावडीवर यायची बंद झाली. देणं होतं, त्यापेक्षा लाज जास्त होती. आपण एकराच्या उताऱ्यावरून माणूस मोजतो ना, ती सवय इथं जिवावर येते. मोबाईलवर एकजण एकरी अठरा क्विंटलचा फोटो टाकतो, त्याचं पाणी, त्याची जमीन, त्याचा खर्च फोटोत दिसत नाही, आणि इकडं सहा क्विंटलवाला स्वतःला नालायक समजत बसतो. तुमचं रान तुमच्याच मागच्या वर्षाशी लावून बघा. आणि शेजारी चार दिवस दिसला नाही तर चहाचं निमित्त काढून त्याच्या घरी जा. उताऱ्याचं विचारू नका. बैलाचं विचारा, पोरांचं विचारा, बसा अर्धा तास.

तर या आठवड्याचं काम. घरच्या सोयाबीनची उगवण बघून घ्या. सरसकट 100 दाणे घ्या, निवडून चांगलेच घेऊ नका, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी मोजा. 70 उगवले तर एकरी 30 किलो पेरा. त्याच्या खाली दर एका टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे 65 ला साडेबत्तीस. 60 च्या खाली असलं तर ते बियाणं पेरू नका. आकडा वहीत तारखेसकट लिहा.

आमच्याकडं परवा तीन गुंडाळ्या लावल्यात, तीन वेगळ्या पोत्यांच्या. मोजणी मालकीण करणार, आकडे इथंच टाकतो. तुमचे पण खाली लिहा, कमी आले तरी लिहा.