पाच दिवस भात बंद, दोन दिवस भरपेट : हा खेळ आपल्यासाठी नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या बौद्धवाडीत 'कीटो' हा नवा शब्द आला. मुंबईच्या चाकरमान्यांनी तो आणला आणि मोबाईलने घरोघर पोचवला. सोमवार ते शुक्रवार भात, भाकरी, साखर बंद. अंडी, मासे, खोबरे, तेल-तूप खायचे. शनिवार-रविवारी मात्र भात पोटभर. वाडीतल्या चार घरांनी मिळून आम्ही हा प्रयोग दोन महिने केला. त्याचा हिशेब समाजबांधवांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, कारण चारपैकी एका घरात तो जिवावर बेतता बेतता राहिला.

मूळ गोष्ट आधी समजून घेऊ. कर्बोदके, म्हणजे भात-भाकरी-साखरेतला पिष्टमय व गोड भाग, दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत आणली की शरीर चरबी जाळून 'कीटोन' तयार करते व त्यावर चालते. हा आहार १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला. आजही त्या आजारात तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. आपल्याकडे माहीत असलेला डॉ. जिचकार आणि डॉ. दीक्षित यांचा 'दोन वेळा जेवा' हा सल्ला वेगळा. त्यात भात-भाकरी बंद नसते. अनेकजण या दोन्हींची सरमिसळ करतात.

पहिल्या आठवड्यात आमचे वजन दोन-दोन किलोंनी उतरले. आम्ही खूश झालो. सोमवारी काटा पुन्हा जिथल्या तिथे! कारण साधे आहे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा सुमारे अर्धा किलो साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. भात बंद केला की साठा संपतो, पाणी लघवीवाटे जाते. भात खाल्ला की दोन्ही परत येतात. उतरले ते पाणी, चरबी नव्हे. शिवाय पुन्हा कीटोनवर यायला शरीराला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे अर्धा आठवडा ना इकडचा ना तिकडचा.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०१९ साली नऊ निरोगी तरुणांना सात दिवस असा आहार देऊन मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजले. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाल्याच्या खुणा त्यांच्या रक्तात दिसल्या. प्रयोग लहान आहे, त्यावरून घाबरून जाऊ नये. पण ज्यांना आधीच साखर किंवा रक्तदाब आहे, त्यांनी विचार करावा.

आता त्या घराची गोष्ट. तिथले काका साखरेसाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. भात बंद झाला, गोळी तेवढीच राहिली. तिसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले आणि ते खाली बसले. शुद्धीवर होते म्हणून साखरपाणी देता आले आणि ते सावरले. 'गोळीचे डॉक्टरांना विचारा' असे आम्ही त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नाही. चूक आमची आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त झाल्याने अनेक घरांत आहेत. त्या चालू असताना भात पूर्ण तोडला तर मोजमापात साखर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणे. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रश्न पैशाचा. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. रोजचे झाले १६६ ग्रॅम, त्यात कर्बोदके सुमारे १३० ग्रॅम. म्हणजे फुकट मिळणारे धान्यच कीटोच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. ते सोडून बदाम, पनीर, तूप विकत आणायचे? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा बांगडाही परवडत नाही.

मग काहीच करू नये का? करावे. भारतीय माणसाच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत दिसले. हे जास्तच आहे. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे : तांदूळ काढून नाचणी आणली, पण एकूण पीठ तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा कमी करून डाळी, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिने वाढवली तिथे तो कमी दिसला.

म्हणून आमचे मत असे : पाच दिवस तोडायचे आणि दोन दिवस ताव मारायचा, हे सोडा. रोजच थोडे कमी करा. दोन वाढी भाताऐवजी एक, दोन भाकऱ्यांऐवजी एक. रिकाम्या जागेत कुळथाची उसळ, अंडे, पालेभाजी. पिठीत पाणी जास्त आणि कुळीथ कमी असते, उसळीत तसे नाही. सुकट, सुके बोंबील खावेत, पण रक्तदाब असेल तर मीठ धुऊन आणि बेताने. चहातली साखर आधी काढा.

वर्षावासात अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनाही हेच लागू आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग संकल्प करा. तिशीपुढच्यांची साखर व रक्तदाब तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. पुढच्या पौर्णिमेला विहारात येण्याआधी प्रत्येक घराने ती करून घ्यावी.

बाबासाहेबांनी मधुमेहाशी अनेक वर्षे झुंज दिली, हे आपण जाणतो. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हे आपण शिकलो आहोत. मोबाईलवरच्या आहारालाही तोच नियम लावू या.