सातबारा नाही, त्याला मंदी नाही काय?

१९२९ साली अमेरिकेत उद्भवलेल्या मंदीचा तडाखा खामगाव-मलकापूरच्या कापसाच्या पेठांपर्यंत पोहोचला. कापसाचे भाव कोसळले. सावकाराच्या वहीतला आकडा मात्र ताठ उभा राहिला. तेव्हा मध्यप्रांत सरकारने १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा केला. मंडळाने सावकार व ऋणको यांस समोरासमोर बसवावे, कर्ज कमी करून हप्ते बांधून द्यावेत, अशी ती योजना. योजना स्तुत्यच होती. परंतु ज्याच्याजवळ दोन हातांवाचून तारण नाही, त्याच्या बुडालेल्या मजुरीची तडजोड कोणत्या मंडळाने करावयाची होती?

हा दोष केवळ आपल्या प्रांताचा नव्हे. त्याच १९३३ साली रूझवेल्ट यांच्या सरकारने कापसाचा पेरा घटविण्यासाठी पैसा वाटला. तो मुख्यतः जमीनमालकांच्या हाती पडला आणि हजारो गोरेकाळे वाटेकरी जमिनीवरून हुसकले गेले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर व घरगडी वगळले गेले. काळ्या श्रमिकांचा मोठा भरणा नेमका त्यांतच होता.

आणि आपल्याकडे? २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांस ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज दिले. बुलढाणा त्यांपैकी एक. व्याजमाफी, नवे कर्ज, सिंचन! ज्याचे शेत, त्यालाच थेट लाभ. २००८ ची कर्जमाफीही बँकेच्या खतावणीतूनच वाटली गेली. सावकाराकडून उचल घेणाऱ्या भूमिहीनाचे नाव त्या खतावणीत असणार कसे?

शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. पण शेतकरी तरला की मजूर आपोआप तरतो, हे म्हणणे खोटे आहे. माफ झालेल्या व्याजातून मजुरी वाढावी, असे बंधन त्या कर्जमाफीने कोणावर घातले?

दुसरा मार्ग याच महाराष्ट्राने दाखविला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७७ साली, रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. त्याला सातबारा लागत नाही.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात अराजक मोडण्यासाठी राजाला दिलेला सल्ला आठवा: शेतकऱ्यास बी, व्यापाऱ्यास भांडवल, सेवकास अन्न व वेतन. तिघांपैकी एकाला वगळून राज्य सावरत नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, ग्रामसभेत बसा, काम लेखी मागा, तारखेची पोच घ्या. दया मागू नका, हक्क मागा!