दीड लाखाचा कॅमेरा आणि दुपारी बाराची गाडी

आम्हा आयटीवाल्यांचा क्रम ठरलेला. पगार वाढला की गाडी, गाडी आली की कॅमेरा, आणि मग रविवारी भर दुपारी सोसायटीच्या पार्किंगमधे गाडीचे दीडशे फोटो. ते जाहिरातीसारखे दिसत नाहीत म्हणून पुढे लेन्स, हप्त्यावर! राग कॅमेऱ्याचा नाही हो. पैसे टाकले की नजर मिळते, ह्या समजुतीचा आहे.

गाड्यांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस काय करतो ते बघा. त्याला पक्कं ठाऊक असतं की गाडी म्हणजे रंग दिलेला आरसा. दारात दिसतं ते फोटोग्राफरच्या पाठीमागचं जग. पार्किंगमधे मागे काय? ट्यूबलाइट, स्कूटर, कुणाची तरी वाळत घातलेली चादर. सगळं दारात उतरतं. गार्बेज इन, गार्बेज आउट.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे स्टुडिओत गाडीएवढा सॉफ्टबॉक्स असतो. असतो ना. पण त्याचं काम काय? मोठा, सलग, कडेला हळूहळू मंद होत जाणारा उजेड देणं. तो आमच्या समुद्रपुरात रोज संध्याकाळी फुकट मिळतो. जामच्या चौरस्त्यावरून आत या, शेताकडेला मोकळी जागा बघा. सूर्य बुडाला की गाडीची बाजू पश्चिमेकडे करा, मावळतीकडे पाठ करून थोडं लांब उभे राहा. दारावर क्षितिजाची एक स्वच्छ रेघ येते आणि गाडीचा आकार आपोआप उठून दिसतो. उजेड कमी पडतो? कॅमेरा बांधावरच्या दगडावर टेकवा, शटर दोन सेकंद उघडं ठेवा. गाडी कुठे पळून जात नाही.

दुपारी मात्र नको. इथे मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. बॉनेट पांढरंफटक, दारं काळी. लाखाची लेन्स ते दुरुस्त करत नाही.

रंगाचंही तेच. लोक सॅच्युरेशन ओढतात, आकाश निळीच्या पाण्यासारखं होतं आणि पत्र्यावरची नाजूक छटा मरते. जाणकार माणूस रंग वाढवत नाही, नको ते काढतो. निळसर आकाश, टेललॅम्पचा लाल, बस्स. मागचा पिवळा फ्लेक्स फ्रेमबाहेर.

एक वस्तू जरूर घ्या: पोलरायझर फिल्टर. फिरवला की काचेवरची आणि रंगावरची चमक कमी होते (क्रोमवर त्याचं फारसं चालत नाही). बाकी थर्माकोलचा पांढरा पत्रा पुरतो. 'कागज के फूल'मधला (१९५९) तो प्रसिद्ध प्रकाशझोत व्ही. के. मूर्तींनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून आणला होता!

हे एवढं तावातावाने का लिहितोय? कारण हे खूळ आता गावाकडे पोचलंय. लग्नाच्या सजवलेल्या गाड्यांचे फोटो काढून चार पैसे मिळवू पाहणारं पोरगं आधी कॅमेऱ्याचं कर्ज काढतं. वर म्हणतं, "दादा, आपल्याकडे काय आहे बे फोटो काढण्यासारखं?" पुण्या-मुंबईहून दिवाळीला येणारे दादा त्याला फक्त मॉडेल नंबर सांगून जातात.

ह्या दिवाळीत तुम्ही गावी जाल तेव्हा किमती सांगू नका. त्याला संध्याकाळी शेतावर घेऊन जा, त्याच्या मोबाइलनेच काढायला लावा. कर्ज काढायचं की नाही ते तो मग ठरवेल.