घोडा थांबला की थांबायचे

माझा पुतण्या पुण्यात असतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "काका, तुम्ही सावलीला होतात ना? तिथल्या जंगलात तंबू टाकून चार दिवस घोड्यावरून फिरता येईल का? जीपगाड्यांची गर्दी नको. शांत जंगल हवे." मी लगेच नाही म्हटले नाही. त्याच जंगलात मी एकदा तीन दिवस तट्टावरून हिंडलो आहे.

१९८६ च्या डिसेंबरातली गोष्ट. सावली हे मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी इथे येऊन राहिले होते. एरवी धान, तलाव आणि जंगल हीच त्याची ओळख. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेच्या कर्जातून बैलजोड्या खरोखर घेतल्या गेल्या की नाही, हे गावोगाव जाऊन पाहायचे काम माझ्याकडे होते. शाखेची मोटारसायकल बिघडली होती. आठवडी बाजार करणाऱ्या एका दुकानदाराने आपले तट्टू दिले आणि ते सांभाळायला एक वयस्कर गृहस्थ दिले. त्यांना सगळे मामा म्हणत. मीही म्हणू लागलो.

घोड्यावर बसून रानात शिरले की पहिला साक्षात्कार होतो तो आपल्या पाठीच्या कण्याचा! दुसरा त्याच्या पोटाचा. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, म्हणून मुक्काम बोडीच्या काठी. धानाच्या तणसावर त्याचे भागत नाही, म्हणून हरभऱ्याचे पोते बरोबर. माझे अंथरूण त्यापायी निम्मे झाले. रात्री शेकोटी, तिच्या उजेडात बांधलेले तट्टू आणि त्याचे संथ चघळणे. तशी झोप मला पुढे कुठल्याच विश्रामगृहात लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पांदणीत तट्टू एकाएकी थांबले. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या. मी टाच मारली. मामांनी लगाम धरला. "घोडा थांबला का आपून बी थांबाचं, साहेब. त्याले कळते जी." आम्ही उभे राहिलो. मला काहीच दिसले नाही. मग दूर वानर खेकसले, मागोमाग चितळ ओरडले. बऱ्याच वेळाने तट्टाने अंग झाडले आणि आपण होऊन पाऊल टाकले. पुढे ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटला होता. मामांनी तो पाहिला, पण त्यावर बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र शेकोटीत दोन ओंडके जास्त पडले.

या मुलखात घोड्यावरून हिंडणे ही एके काळी हौस नव्हती, नोकरी होती. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि इंग्रज अधिकारी घोडी, तंबू घेऊन जंगले पाहत निघाले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी पचमढीला 'बायसन लॉज' बांधला; त्यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले. शिकारी माणसाचे पुस्तक, पण झाडे आणि माणसे दोन्ही नीट पाहिलेले. मात्र त्या अधिकाऱ्याच्या कमरेला बंदूक असे आणि पुढेमागे नोकरांचा तांडा असे, हे आपण सोयीने विसरतो. पावसाळ्यात गोमाशांमुळे घोड्यांना होणारा 'सर्रा' हा जीवघेणा रोगही विसरतो.

आज सावलीचे जंगल पुतण्याला हवे तसे शांत आहे. पण त्या शांततेत भीतीचा वाटा मोठा आहे. ताडोबाच्या बाहेर, सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी भागातल्या जंगलात वाघ वाढले आहेत. वाघ वाढले याचा मला आनंद आहे. तो आनंद मी शहरातल्या खुर्चीत बसून मानतो, हेही मला माहीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुले पहाटे पडतात आणि ती वाकून वेचावी लागतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगतात. या बायकांना सावध करायला पुढे तट्टू नसते. त्यांच्या जंगलात जाण्याला कोणी सहल म्हणत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मोहफुलांच्या आणि तेंदूच्या हंगामात पहाटे त्या बायकांच्या सोबतीला वनरक्षक असावा, त्यांच्या घरातले गॅसचे सिलिंडर परत भरता यावे एवढी मजुरी त्यांना मिळावी. ते झाल्यावर हौशी घोडेस्वारांच्या तंबूंचे बोलू. शिवाय वाघाच्या रानात रात्री घोडा बांधून ठेवणे म्हणजे आमंत्रणच. मामांचे आणि माझे तेव्हा निभावले, एवढेच.

पुतण्याला मी सांगितले, घोड्यावर बसायचे तर माथेरानला जा. तिथे वाहनांना बंदी आहे, घोड्याला खरे काम आहे. सावलीला यायचे तर डिसेंबरात ये, गावात राहा, दिवसाउजेडी गावकऱ्यांबरोबर असोलामेंढा तलावापर्यंत जा. पक्षी बघ.

"आणि रात्री काय करायचं?"

म्हटले, झाडीपट्टीतले नाटक बघ. दिवाळीनंतर गावोगाव रंगते, रात्रभर चालते. घोंगडी मात्र बरोबर आण.